मान दुखते, त्याला नुसतं ‘वय झालं’ म्हणू नका

(विचुंबे, ता. पनवेल येथे ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे उतारवयातलं मानेचं दुखणं. मणक्यांच्या झिजेमुळे, म्हणजे मणक्यांच्या संधिवातामुळे होणारं आणि वर्षानुवर्षं सोबत राहणारं. डॉक्टर त्याला सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणतात. आपण सगळे ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे आज मी कुणालाही औषध सांगणार नाही. घरात अम्मीच्या मानेसोबत काही वर्षं काढली, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना प्रश्न विचारले, वाचन केलं, त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच तुमच्यापुढे ठेवते. मानेत नेमकं काय होतं, घरी आपण काय करू शकतो, कधी घरी थांबता कामा नये, आणि गाव म्हणून आपण काय मागायला हवं, एवढे चार मुद्दे आहेत.

आधी मान समजून घेऊ. आपल्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच असतात. आपण ‘हो’ म्हणून मान हलवतो ती हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये होते. ‘नाही’ म्हणून मान वळवतो त्यातलं साधारण अर्धं वळण पहिल्या दोन मणक्यांमध्ये होतं. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो आणि बाजूच्या छिद्रांतून नसा निघून खांद्यांकडे, हातांकडे जातात.

या गादीत तरुणपणी भरपूर पाणी असतं. वयानुसार ते कमी होतं, गादी चपटी होते, मणके जवळ येतात, सांधे घासतात आणि हाडाच्या कडांना बारीक टोकं फुटतात. पाचवा, सहावा आणि सातवा हे खालचे मणके सगळ्यात जास्त झिजतात. ही झाली झीज. केस पांढरे होतात तशीच तीही जवळपास सगळ्यांना होते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. झीज दिसणं वेगळं आणि दुखणं वेगळं. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांच्या मानेचे एमआरआय काढले गेले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली दिसली. त्याआधी १९९८ साली जपानमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात त्रास नसलेल्या, साठीपुढच्या लोकांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जणांच्या गाद्यांची झीज दिसली होती. हे लोक नेहमीसारखे हिंडत-फिरत होते.

म्हणून तुमच्या हातात रिपोर्ट येतो आणि त्यावर ‘डीजनरेटिव्ह चेंजेस’, ‘डिस्क बल्ज’, ‘ऑस्टिओफाइट्स’ असे शब्द दिसतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. माझ्या कामात आम्ही रोज संगणकाच्या नोंदी वाचतो. त्यात शेकडो सूचना लाल अक्षरांत येतात आणि त्यातल्या बहुतेकांचा चालू बिघाडाशी काही संबंध नसतो. एमआरआयचा रिपोर्टही असाच वाचावा लागतो. त्यातली कुठली ओळ तुमच्या दुखण्याशी जुळते हे तुम्हाला तपासून, हाताची ताकद पाहून, हातोडीने ठोकून बघणारा डॉक्टर सांगू शकतो. नुसता कागद पाहून कुणी ‘मान गेली’ म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मग काहींना दुखतं आणि काहींना नाही, असं का? याचं एकच उत्तर नाही. मानेभोवतीचे स्नायू किती मजबूत आहेत, झोप लागते की नाही, मनावर ताण आहे का, आणि आयुष्यभर काय काम केलं, हे सगळं त्यात येतं. कामाबद्दल थोडं बोलते, कारण आपल्या भागाचा त्याच्याशी संबंध आहे.

‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आला आहे. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध लढा दिला. आज धान्याचं पोतं ५० किलोचं दिसतं, त्यामागे अशा लढ्यांचा वाटा आहे. डोक्यावरून लाकूड वाहणाऱ्या लोकांचे आफ्रिकेत अभ्यास झाले आहेत. त्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा जास्त दिसली.

पण ज्यांचं नाव कुठल्याच माथाडी मंडळात नव्हतं, त्या आपल्या घरातल्या बायका. पनवेलच्या या पट्ट्यात ज्यांनी भाताचे भारे वाहिले, मिठाच्या टोपल्या वाहिल्या, डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन पाणी भरलं, त्या आज सत्तरीत आहेत. मुंबईतून इथल्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांतल्या बायकांनी खोलीच्या कोपऱ्यात शिलाई मशीनवर नगावर काम केलं, जरीकाम केलं. त्यात ओझं नव्हतं, पण मान तासन् तास खाली होती. त्यांच्या मानेत ते काम साठलेलं आहे. त्या ‘दुखतंय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या तक्रारीला निदान एवढा मान द्या.

मान खाली घालण्याचा हिशोब एका अमेरिकन शल्यविशारदाने, केनेथ हंसराज यांनी, २०१४ साली मांडला. आपलं डोकं साधारण पाच किलोचं असतं. मान सरळ असेल तर मणक्यांवर तेवढाच भार येतो. मान १५ अंश पुढे झुकली की भार १२ किलोसारखा होतो, ३० अंशांत १८ किलो आणि ६० अंशांत सुमारे २७ किलो. हे संगणकावर केलेलं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा लावून केलेलं मोजमाप नाही. पण त्याची दिशा समजायला सोपी आहे. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण हात लगेच भरून येतो.

आता घरी काय करायचं ते सांगते.

अम्मीची गोष्ट सांगते, कारण त्यातून पद्धत कळेल. अम्मी अडुसष्ट वर्षांची. मान आणि उजवा खांदा सतत दुखायचा. एका दवाखान्यात ‘वय झालं, आता हे असंच राहणार’ एवढं ऐकून आणि गोळ्या घेऊन ती परत आली. त्यानंतर तिने सांगणंच बंद केलं. रस्ता ओलांडताना मान वळत नाही म्हणून ती एकटी बाहेर पडेना, आणि आम्हाला वाटलं, तिला आता घरीच बरं वाटतं.

शेवटी आम्ही एक वही केली. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी आणि रात्री, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि त्याआधीच्या दोन तासांत काय केलं, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांत चित्र दिसू लागलं. दुखणं सगळ्यात जास्त वाढत होतं ते दुपारी पलंगावर भिंतीला टेकून मोबाईल पाहिल्यावर, रात्री टीव्ही पाहिल्यावर आणि वरच्या फळीवरचे डबे काढल्यावर. स्वयंपाकाने फारसं वाढत नव्हतं, चालण्याने तर कमी होत होतं.

मग आम्ही एका वेळी एकच बदल केला. दहा बदल एकदम केले तर कुठल्याने फरक पडला हे कधीच कळत नाही. पहिला बदल, मोबाईल मांडीवरून उचलून टेबलावरच्या स्टँडवर ठेवला, डोळ्यांच्या पातळीला. दुसरा, टीव्ही पलंगाच्या बाजूला होता तो समोर आणला. तिसरा चष्मा. तिचा चष्मा दुहेरी काचेचा होता, जवळचं वाचायला खालची काच. टेबलावरचा मोबाईल त्या खालच्या काचेतून पाहण्यासाठी ती हनुवटी वर करून मान मागे टाकायची, आणि मान मागे गेली की नसांची छिद्रं अरुंद होतात. वाचायला वेगळा, साधा चष्मा केला. चौथा, रोज लागणारे डबे खांद्याच्या पातळीच्या खाली आणले.

दुखणं संपलं का? नाही. आठाचं तीन-चार झालं. काही दिवस अजूनही वाईट जातात. पण गेल्या वर्षी ती एकटी भाजी आणायला जाऊ लागली. चिवट दुखण्यात ध्येय असंच ठेवावं लागतं. आकडा शून्यावर आणण्याचा हट्ट धरला तर निराशा येते. ‘मला अमुक काम पुन्हा करायचंय’ हे ध्येय पाळता येतं.

व्यायामाबद्दल. मान दुखते म्हणून हलवायची नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. मोठेपणी गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात, तिला आजूबाजूच्या हाडांतून झिरपून पोषण मिळतं. सांधे आणि स्नायू वापरात असले की मोकळे राहतात, पडून राहिले की आखडतात. चला, आत्ताच करून पाहू. खुर्चीत टेकून सरळ बसा, पाय जमिनीवर ठेवा.

एक. दोन्ही खांदे वर उचला, मागे न्या, खाली सोडा. पाच वेळा.

दोन. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे घ्या, जणू कुणी कपाळाला बोट लावून हळूच मागे ढकलतंय. मान वर करायची नाही, खाली घालायची नाही. तीन सेकंद थांबा, सोडा. पाच वेळा.

तीन. सावकाश उजवीकडे वळा, जिथे ताण जाणवेल तिथे थांबा, परत मध्ये या. मग डावीकडे. झटका नको.

चार. तळहात कपाळाला लावा. हाताने मागे ढकला, डोक्याने पुढे ढकला, पण डोकं हलू द्यायचं नाही. थोडीच ताकद, पाच सेकंद. मग हात डोक्याच्या मागे आणि मग दोन्ही बाजूंना. याने सांधा न हलवता स्नायू मजबूत होतात.

मान गरागरा फिरवू नका. करताना थोडा ताण चालेल. पण हातात कळ गेली, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, आणि शिवाय रोजचं चालणं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी सोडून देऊ नका.

योगाबद्दल नेहमी विचारलं जातं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली योगसंस्था सुरू केली. खुर्ची, दोर, लोड, ठोकळे यांचा आधार घेऊन वयस्कर आणि दुखणाईत माणसालाही आसन करता यावं, ही त्यांच्या पद्धतीची ओळख. खुर्चीतला योग चांगला आहे. पण मणके झिजलेल्या माणसाने शीर्षासन, सर्वांगासन, हलासन करू नये. त्यात शरीराचा भार मानेवर येतो.

नमाज पढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सलाम फेरताना मान उजवीकडे आणि डावीकडे वळते. ती दिवसेंदिवस कमी वळते आहे का, हे तुम्हाला रोज तिथेच कळेल. लक्ष ठेवा. रुकू-सजद्यात मान दुखत असेल तर आजारी माणसाला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. मशिदीत खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे वळून पाहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. पोथी वाचणाऱ्यांनी आणि कुराण वाचणाऱ्यांनी रेहल किंवा स्टँड उंच टेबलावर ठेवावा, मांडीवर नको.

झोपेसाठी मान शरीराच्या सरळ रेषेत राहील अशी एकच उशी. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याच्या रुंदीइतकी जाड, पाठीवर झोपणाऱ्याला पातळ. ‘उशी काढूनच टाका’ हा सल्ला सगळ्यांना लागू होत नाही. पाठीला थोडा बाक आलेल्या माणसाचं डोकं उशीशिवाय मागे लटकतं. पालथं झोपणं टाळा. शेक चांगला, पंधरा-वीस मिनिटं, कापडात गुंडाळून. मधुमेहाने ज्यांची त्वचा बधिर झाली आहे त्यांनी जपून, भाजलेलं कळत नाही. पट्टा, म्हणजे कॉलर, खूप दुखत असताना थोडे दिवस, डॉक्टर सांगतील तेवढाच. महिनोन् महिने लावला तर मानेचे स्नायू काम विसरतात.

आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान मोडून घेणं कृपा करून बंद करा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या आहेत. अचानक झटक्याने त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. झिजलेल्या मानेवर हा खेळ नको.

गोळ्यांबद्दल. पनवेलमध्ये काय, कुठेही, मेडिकलच्या काउंटरवर ‘मानेसाठी काहीतरी द्या’ म्हटलं की बहुतेकदा डायक्लोफेनॅक किंवा तसली वेदनाशामक गोळी हातात पडते. या औषधाची एक गोष्ट आपल्या रायगड जिल्ह्याला जवळची आहे. म्हसळा तालुक्यातलं चिरगाव गिधाडं जपणारं गाव म्हणून ओळखलं जातं. देशातली गिधाडं लाखोंनी मेली, कारण डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही, आपण हे औषध पचवून बाहेर टाकतो, आणि डॉक्टरांनी थोडे दिवस दिलं तर त्याचा उपयोगही होतो. पण साठीपुढे, रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असताना, ही गोळी महिनोन् महिने स्वतःच्या मनाने घेतली तर मूत्रपिंडावर ताण येतो, जठरात रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो. घरी गेलात की आजीचा गोळ्यांचा डबा उघडून पाहा. कुठली गोळी किती दिवस चालू आहे हे लिहून डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या जागी लावायचं मलम त्या मानाने सुरक्षित असतं, पण तेही विचारूनच.

आता आजच्या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. कधी घरी थांबायचं नाही.

झीज कधीकधी हातात जाणाऱ्या नसेला दाबते. मग मानेतून खांद्यात, दंडात आणि बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. हे त्रासदायक असतं, पण बहुतेक लोकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. डॉक्टरांना दाखवायचं, पण घाबरायचं नाही.

क्वचित झीज मज्जारज्जूलाच दाबते. हे गंभीर आहे. यात मान फारशी दुखेलच असं नाही, आणि म्हणूनच ते निसटतं. कुडत्याची बटणं लावायला वेळ लागतो. सुईत दोरा जात नाही. हातातून कप पडतो. सही बदलते. चालताना पाय जड वाटतात, तोल जातो, भिंतीचा आधार लागतो. मान खाली घातली की पाठीतून विजेसारखा झटका जातो. लघवी लगेच लागते किंवा अडते. यातली प्रत्येक गोष्ट पाहून आपण घरात काय म्हणतो? ‘वय झालं.’ या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो, असं एका अभ्यासात दिसलं आहे. मज्जारज्जू इतका काळ दबलेला राहिला तर झालेलं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नसतं. वेळेवर कळलं तर ऑपरेशनने पुढची घसरण थांबवता येते.

म्हणून एक छोटी चाचणी आत्ता करू. तळहात खाली करून हात पुढे धरा. मी दहा सेकंद मोजते. मूठ पूर्ण बंद, बोटं पूर्ण उघडी, जितक्या वेगाने जमेल तितक्या. निरोगी माणसाला साधारण वीस वेळा जमतं. वयानुसार थोडं कमी होतं, बोटांचा संधिवात असेल तर आणखी कमी. त्यामुळे हे निदान समजू नका. पण आकडा बराच कमी आला आणि त्यासोबत मी सांगितलेलं एखादं लक्षण असेल, तर या आठवड्यातच हाडांच्या, मणक्यांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जा.

याशिवाय, पडल्यानंतर मान दुखू लागली, ताप आहे, वजन कमी होतंय, पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे, हातापायाची ताकद अचानक गेली, तर वाट पाहू नका. मान, जबडा किंवा डाव्या हातात कळ येऊन सोबत घाम, धाप, छातीत दडपण असेल तर ती मान नसून हृदय असू शकतं, लगेच १०८ ला फोन करा. आणि चक्कर. आपल्याकडे प्रत्येक चक्कर ‘स्पॉन्डिलायटिसची’ ठरवली जाते. बहुतेकदा कारण कानाच्या आत, रक्तदाबात, साखरेत किंवा चालू औषधात असतं. मानेच्या नावावर चक्कर खपवू नका, तपासून घ्या.

शेवटचा मुद्दा सार्वजनिक आहे. जगात २०२० साली मानेच्या दुखण्याने त्रस्त माणसं सुमारे २०.३ कोटी होती, असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या दुखण्याचा भार एकेका घराने गुपचूप वाहायचा का? महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनं घेण्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. साधनांच्या यादीत चष्मा, काठी, वॉकर यांच्यासोबत मानेची कॉलरही आहे. ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर अर्ज करा, आणि मानदुखीवाल्यांनी आधी चष्म्याचा विचार करा. सत्तरीवरच्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. मज्जारज्जूच्या ऑपरेशनची वेळ आली तर ते कार्ड आधी काढलेलं असावं.

पण या दोन्ही योजनांत रोजच्या फिजिओथेरपीची सोय नाही, आणि मानेला तीच सगळ्यात जास्त लागते. केंद्र सरकारचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला. त्यात सामुदायिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत फिजिओथेरपीची तरतूद आहे. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ही सेवा कोणत्या दिवशी मिळते हे विचारणं हा आपला हक्क आहे. दुखऱ्या मानेने खड्ड्यांतून रिक्षात बसून रोज तिथे जाणं जमत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून ग्रामसभेत आपण एक साधी मागणी करू या. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, गावातल्या एखाद्या सभागृहात फिजिओथेरपिस्ट. सभागृह समाजमंदिराचं असो की मशिदीचं की सोसायटीचं, खुर्च्या आपल्याकडे आहेतच. परिसरात फिजिओथेरपी शिकणारे विद्यार्थीही आहेत. महाविद्यालयांना पत्र लिहू.

पत्राचा मसुदा मी आणला आहे, मराठीत आणि इंग्रजीत. बाहेर टेबलावर ठेवला आहे, सह्या करून जा. आणि सही करताना बटणं, सुईदोरा, कप यातलं काही आठवलं, तर ते मुलाला, सुनेला किंवा शेजारणीला आजच सांगा. ऐकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, ‘वय झालं’ म्हणण्याआधी ‘कधीपासून?’ असं विचारा.